जिन्यातली धाप

गुरुवार, दिवेलागण

चाचणीत पहिली आले, तरी आनंद कामून व्हयना? गावी मंठाळला मी रोज पळायचे, तालुक्याला बक्षिसं मिळवायचे. अप्पांनी कलबुर्गीला डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेच्या क्लासला घातलं आणि माझं पळणं बंद केलं. आज हॉस्टेलच्या जिन्यात धाप लागली, मधेच बसले. मला, आणि इतकी धाप? भूक न्हाई, झोप न्हाई, हे आज सांगायचंच म्हणून तिथूनच फोन लावला.

"अप्पा, पहिली आले."

"शाबास गं माय. तब्येत बरी हाय न्हवं?"

"व्हय," म्हणले. कामून म्हणले?

फोन बंद करायचा विसरून ते शेजाऱ्यांना सांगायले, "पोरगी आमची डॉक्टर व्हायलीय." त्यांचा आवाज भरून आला होता. मग मीच फोन बंद केला.