पुण्याची निवड, काष्टीची खडी

१४ जानेवारी १९७३. काष्टी.
संक्रांत. दुष्काळात तीळ कुठला यंदा! सुभद्रानं चहा जरा गोड केला, तोच सण.
सकाळी कोरड्या ओढ्यात भाला टाकला. खुर्चीची चाकं वाळूत रुततात, सुभद्राच ढकलते. पण भाला लांब जातोय. पासष्टच्या लढाईत दोन्ही पाय गेले, तेव्हा दवाखान्यात मेजरसाहेबांनी हा नाद लावला. त्यांचा निरोप आलाय, मार्चमध्ये पुण्यात अपंगांच्या खेळांसाठी निवड. जमलं तर परदेश.

२२ जाने.
शेजारची गंगू रडत आली. पोलिओनं एक पाय वाळलेला, घरी म्हातारी आई. दुष्काळी कामावरून मुकादमानं हाकललं. "लंगडीचं हितं काय काम?" तिच्यासारखे अजून बरेच परत पाठवलेत म्हणे.

२३ जाने.
गेलो. मुकादमाला म्हटलं, "खडी पायानं फोडत्यात व्हय?"
हसला. खुर्चीतून खाली उतरलो, हातोडा घेतला. दुपारपर्यंत फोडली. ओव्हरसीअर बघत उभा राहिला. म्हणाला, "यांची वेगळी टोळी करा. पण तुम्ही रोज हजर पाहिजे. यांची जबाबदारी दुसरा कोण घेणार?"
हो म्हणून बसलो.

८ फेब्रुवारी
टोळी जमली. एका हाताचा बापू सगळ्यांना हसवतो. गंगू आज गाणं म्हणत होती.
सराव नाही. भाला आढ्याला टांगलेला. उद्या...

२५ फेब्रु.
उजवा खांदा धरला. सुभद्रा मिठाच्या पुरचुंडीनं शेकत म्हणाली, "गावाचं समदं खरं. पर तुमचं काय? मला वाटलं हुतं, तुमचं नाव कुनीतरी मोठ्यानं पुकारंल."
झोपेचं सोंग घेतलं.

११ मार्च. पुणे.
झालं. भाला निम्म्यात पडला. तीनदा.
मेजरसाहेब रागावले असते तर बरं होतं. "जिंकून आला असतास तर तुझं म्हणणं मंत्र्यानं ऐकलं असतं. एका मुकादमानं ऐकून काय होणार रे?"
एसटीत सुभद्रा बाहेर बघत बसली.

१५ मार्च
ओव्हरसीअरची बदली. नव्या आलेल्यानं टोळी मोडली. "अपंगांना घ्यायचा हुकूम दाखवा." हुकूम कुठला? जुन्यानं तोंडीच सांगितलेलं. मीही लेखी मागितलं नाही. बापू आज हसला नाही.

१९ मार्च
टोळीतले सगळे मिळून तालुक्याच्या कचेरीत. मोठे साहेब माडीवर. जिना उभा. शिपाई म्हणाला, "चौघं धरून वर नेतो तुम्हाला." नको म्हटलं. "साहेबांना खाली बोलवा. आम्ही सगळेच बोलणार आहोत."
तो वर गेला. आम्ही खाली, जिन्याशी. खांदा ठणकतोय, तरी बसल्या बसल्या हे लिहितोय.
गंगू हळूच म्हणाली, "दादा, तवा आमच्यापायी थांबला नसता, तर आज कुठं असता वो?"
वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पावलं वाजतायत. जिन्याकडे येतायत की नुसती आतल्या आत, कळत नाही.