दोन रुंद, दोन अरुंद

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या टायरांवरून मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. काल पुन्हा चिडले. लेस्टरला मावशीकडे जेवायला गेले होते. तिथे कुणीतरी म्हणालं, "तुझे बाबा म्हणजे देवमाणूस! कधी कुणाला नाही म्हणाले नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी आमटीत चमचा फिरवत राहिले. लोक ही गोष्ट कौतुकानं सांगतात. आईचं उजवं मनगट शेवटपर्यंत नीट वळलं नाही, पोळी लाटताना ती खांद्यापासून सगळा हात फिरवायची, ते त्यांनी कुठे पाहिलंय?

ग्लासगो सोडून आपण डोंगरातल्या त्या छोट्या गावात राहायला गेलो तेव्हा मी शाळेत नुकती रुळत होते. तुम्ही गावाचे जी.पी., आई तिथल्या लहानशा हॉस्पिटलात नर्स, आणि मराठी बोलणारी माणसं चारी दिशांना आपण तिघंच. पेशंट दूरदूरच्या फार्मवर. आपली कार दर हिवाळ्यात इतक्या वेळा रुतली की दहाएक वर्षांनी शेवटी तुम्ही एका शेतकऱ्याची जुनी पिकअप घेतली. आत तीन माणसांची एकच सलग सीट आणि मेंढ्यांचा वास. हीटर चालू केला की वास दुप्पट. ती गाडी तुम्हाला फार आवडायची. पण तिचे टायर झिजून गुळगुळीत झाले होते, आणि या डोंगरात राहायचं तर हिवाळ्याचे टायर घ्या, असं पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळे सांगत होते. खाली इंग्लंडात तेव्हा असले टायर फारसे कुणी वापरत नसे. आपल्या गावात मात्र ते विकणारे दोघे होते, आणि तिथेच सगळं घोडं अडलं.

एक पुलाजवळचा गॅरेजवाला. दुसरा, चर्चच्या वरच्या अंगाला शेतीच्या सामानाचं दुकान चालवणारा. दोघांचं कुठल्याशा कुंपणावरून बिनसलं होतं, बोलणं बंद होतं, आणि दोघेही तुमचे पेशंट. गॅरेजवाल्याचं म्हणणं, टायर रुंद पाहिजे, जाड खाचांचा, बर्फावर पसरून बसणारा. दुकानदाराचं म्हणणं, रुंद टायर बर्फावर होडीसारखा तरंगतो. अरुंद घ्या, तो बर्फ कापत खाली रस्त्याला जाऊन भिडतो. तुम्ही एकाकडे चहा प्यायचात, टायरवर हात फिरवायचात आणि म्हणायचात, "यू हॅव अ पॉइंट देअर." मग वर जाऊन दुसऱ्याकडे चहा, पुन्हा टायरवर हात, पुन्हा "यू हॅव अ पॉइंट देअर." सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. आई एकदा कांदा चिरता चिरता म्हणाली, "अहो, टायर घ्यायचेत. मुलगी द्यायची नाहीये." तुम्ही हसून म्हणालात, "तुझंही बरोबर आहे."

मी तेव्हा सतराची. गाडी शिकत होते, त्यामुळे जगातलं सगळं मला कळत होतं. लायब्ररीतून गाड्यांची मासिकं आणून वाचली आणि तुम्हाला सांगितलं, "बाबा, कुणाचेही घ्या, पण चारही एकसारखे घ्या. पुढच्या चाकांनी रस्ता धरला आणि मागच्यांनी सोडला की गाडी गरकन फिरते." तुम्ही चष्मा काढून, पेशंटचं ऐकावं तसं नीट ऐकलंत. "करेक्ट," म्हणालात. मला केवढं बरं वाटलं होतं!

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी तुम्ही हॉर्न वाजवत दारात आलात. मागच्या चाकांना गॅरेजवाल्याचे रुंद टायर, पुढच्या चाकांना दुकानदाराचे अरुंद. चेहऱ्यावर एखादं लग्न जुळवून आल्याचा आनंद. "दोघांचंही मन राखलं," तुम्ही म्हणालात. आई ओल्या हातांनी दारात उभी होती. "आणि गाडीचं?" तिनं विचारलं आणि आत निघून गेली. मी मासिकातलं चित्र पुन्हा आणून दाखवलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, "करेक्ट." त्यानंतर तुम्ही गाडी कशी लावायचात, आठवतंय? शेतीच्या दुकानासमोर गाडीचं तोंड दुकानाकडे, म्हणजे त्याला त्याचेच टायर दिसावेत. गॅरेजसमोर रिव्हर्स घेऊन पाठ गॅरेजकडे. चांगला पन्नाशीचा डॉक्टर, भर रस्त्यात गाडी मागेपुढे करतोय! मी शाळेच्या बसमधून ते बघायचे आणि खिडकीखाली वाकून बसायचे.

मग जानेवारीतला तो दिवस. सकाळपासून बर्फ पडतोय. आपण जेवायला बसतोय तोच डोंगरापलीकडच्या फार्मवरून फोन येतो. शेतकऱ्याच्या बायकोला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्यात आणि अँब्युलन्स खालच्या रस्त्याला अडकून पडलीय. तुम्ही बॅग उचलता, आई कोट चढवून तुमच्याआधी बाहेर, आणि कुणी बोलावलेलं नसताना मी मधे जाऊन बसते. चढ आपण झकास चढलो. "बघितलंत?" असं तुम्ही म्हणालातसुद्धा. पलीकडे उतार होता आणि उताराच्या तळाशी वळण. तुम्ही ब्रेकवर पाय ठेवलात. पुढची चाकं रस्ता धरून राहिली आणि गाडीची मागची बाजू अगदी सावकाश, जणू काही घाईच नाही अशी, फिरत पुढे आली. काचेतून आधी दगडी भिंत दिसली, मग मेंढ्या, मग आपण आलो तोच रस्ता. मग धाडकन आवाज झाला आणि मागची चाकं रस्त्याकडेच्या चरात गेली. आईनं माझ्यापुढे हात आडवा घातला होता. तो डॅशबोर्डवर आपटला.

मी ओरडले. "सांगितलं होतं मी! चार सारखे घ्या म्हणून सांगितलं होतं! कुणी तुमच्यावर रागावलेलं चालत नाही, आम्ही मेलो तरी चालेल!" तुम्ही स्टिअरिंग धरून समोर बघत राहिलात. आई म्हणाली, "भांडणं नंतर. तिकडे बाई अडलीय." तिनं मफलर काढला, एक टोक दातात धरून मनगटाला करकचून गुंडाळला आणि चालायला लागली. तुम्ही तिचा हात बघायला पुढे झालात तर म्हणाली, "मोडलंय. चला."

आणि त्या फार्मच्या स्वयंपाकघरात मी जे पाहिलं त्यानं माझा राग आणखीनच वाढला. तिथे तुम्ही वेगळेच होतात. आवाज शांत, पण प्रत्येक शब्द हुकूम. नवरा मधे मधे बोलत होता, त्याला तुम्ही "आउट" एवढंच म्हणालात आणि तो सहा फुटी माणूस मुकाट्यानं बाहेर गेला. आई डाव्या हातानं त्या बाईचा घाम पुसत होती, मी टॉवेल गरम करत होते आणि मनात म्हणत होते, हा माणूस होता तर घरात, मग इतके दिवस कुठे होता? मुलगी झाली. एवढीशी, पण रडण्याचा आवाज अख्ख्या डोंगराला पुरेल असा.

आपण परत गाडीपाशी आलो तेव्हा अजून उजेड होता. शेतकऱ्यानं घाबरून दोघांनाही फोन केला होता, त्यामुळे गॅरेजवाला त्याचा गाड्या ओढायचा ट्रक घेऊन हजर आणि दुकानदार ट्रॅक्टर घेऊन. चराच्या दोन काठांवर दोघे उभे. एकमेकांशी बोलायचं नाही, म्हणून दोघेही तुमच्याशीच बोलत होते. "डॉक्टर, त्याचे मागचे घसरले." "डॉक्टर, याचे पुढचे नसते तर गाडी फिरलीच नसती." आणि बाबा, तुम्ही, बायकोचं मनगट मोडलेलं असताना, घसा खाकरून म्हणालात, "वेल, यू बोथ हॅव अ…"

"पुरे!" आई म्हणाली. मराठीत. मग त्या दोघांकडे वळून, नर्सच्या त्या करड्या इंग्लिशमध्ये तिनं सांगितलं, "यांनी दोन तुझ्याकडून घेतले आणि दोन तुझ्याकडून, कारण तुमच्यापैकी एक जरी रागावला तरी गाव आम्हाला टाकेल अशी यांना भीती वाटते. कळलं? आता गाडी काढा."

तुमचे कान लाल झाले होते. साखळी अडकवता अडकवता गॅरेजवाला म्हणाला, "डॉक्टर, मी आठवडाभर फुगून बसलो असतो. बस, एवढंच."

सोमवारी तुम्ही शेतीच्या दुकानातून आणखी दोन अरुंद टायर आणलेत. गॅरेजवाला आठवडाभर नाही, चांगला ईस्टरपर्यंत फुगून बसला, शेजारच्या गावातल्या डॉक्टरकडे जायला लागला, आणि मग एक दिवस खोकत खोकत तुमच्याकडेच परत आला. दुसरं काहीही झालं नाही. गावानं टाकलं नाही. आभाळ कोसळलं नाही. मी मात्र तुमच्याशी कितीतरी दिवस धड बोलत नव्हते. जेवायला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायचे. तुम्ही ताट वाढून ठेवायचात, मी "थँक्स" म्हणायचे, इंग्लिशमध्ये, मुद्दाम.

तुम्ही गेल्यावर, तुमचे शर्ट घड्या करून पेटीत भरताना, आईनं मला ग्लासगोची गोष्ट सांगितली. मी पाळण्यात होते तेव्हाची. आपल्या जिन्यात कुणी कचरा टाकायचं, म्हणून तुम्ही वरच्या मजल्यावरच्या माणसाला अगदी अदबीनं सांगायला गेलात. दुसऱ्या दिवसापासून त्या जिन्यावर राहणारं एकही माणूस आपल्याशी बोललं नाही. दाराला पत्रं टाकायला असलेल्या फटीतून रोज सकाळी घाण आत यायची. आई उठायच्या आत तुम्ही ती पुसून, फरशी धुऊन, हॉस्पिटलला जायचात. आईला कळलं तेही एकदा ती लवकर उठली म्हणून. "त्यानंतर दवाखान्याबाहेर कुणाला नाही म्हणायचं त्यांचं धाडसच झालं नाही," आई म्हणाली. मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंत?" ती म्हणाली, "ते नको म्हणाले."

म्हणजे नाही म्हणालात, तेही मलाच! काय म्हणावं तुम्हाला, बाबा? मी सतरा वर्षांची होते, शहाणी होते, मला सांगता आलं असतं. एका वाक्यात सांगता आलं असतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, त्यामुळे कागद इथेच खणात राहील. शेवटी असं लिहिणार होते की, ते मला तेव्हा ठाऊक असतं तर त्या चरात मी तुमच्यावर ओरडले नसते. लिहून पाहिलं आणि खोडलं. ओरडलेच असते. फक्त घरी आल्यावर टेबलाच्या त्या टोकाला गेले नसते.