सातवा नियम

शहापूर, जि. भंडारा
रविवार, १३ फेब्रुवारी २०२२

चि. चंदास,
अनेक आशीर्वाद.

'चि. सौ.' लिहायची हाताला इतक्या वर्षांची सवय. आज 'सौ' लिहून झाल्यावर लक्षात आलं. कागद बदलला. हा दुसरा कागद आहे.

मी बरा आहे. दुकान सुरू आहे. उन्हाळी धानाची रोवणी चालू, त्यामुळं पंपाच्या मोटारी जळून येऊन राहिल्या. सध्या सहा मोटारी रांगेत आहेत. तार गुंडाळताना वेढे मोजावे लागतात, आणि मोजताना दुसरं काही मनात येत नाही, म्हणून कामाची रांग बरी वाटते. स्वयंपाक मीच करतो. वरणात मीठ बरोबर पडतं, पोळीचं अजून काही जमत नाही. जेवताना टीव्ही लावून ठेवतो. बातम्या ऐकायच्या असतात असं नाही. कोणी तरी बोलत असलं म्हणजे झालं.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात तुझी जाऊ सुलोचनाबाई दुकानात आल्या होत्या. त्यांना रागावू नको. थैलीतून कागद काढले आणि म्हणाल्या, "राजकुमारभाऊ, मी आली होती हे चंदाले सांगू नका. तुमच्या जवाईबापूच्या कोरोना-मदतीचा अर्ज वापस आला. नेटवाल्यानं काय भरलं, त्यालेच माहीत."

मी विचारलं, "चंदा काय म्हणते?"

"म्हणते, दादाच्या हातचं पाणीही नको मले. मी म्हटलं, बाई, सरकारच्या पैशावर का तुह्या दादाचं नाव लिहिलं आहे? तर माह्याच अंगावर धावली."

अर्ज परत येण्याचं कारण सरळ आहे. इश्वररावांच्या मृत्यूच्या कागदावर 'श्वसनक्रिया बंद' एवढंच आहे, कोरोनाचा उल्लेख नाही. अशा वेळी जिल्ह्याच्या समितीकडं अपील करता येतं. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण हे मी शोधून काढलं. छातीच्या फोटोचा रिपोर्ट काढला, दवाखान्यातल्या भरतीच्या कागदाची नक्कल घेतली, तारखा जुळवल्या. अपील तयार आहे. सोबत जोडलं आहे. जिथं तुझी सही पाहिजे तिथं पेन्सिलीनं फुली केली आहे, चार ठिकाणी. सोमवारी, २१ तारखेला समितीची बैठक आहे. त्याआधी सही करून सुलोचनाबाईंच्या हाती पाठव. मला भेटायची गरज नाही.

इथं पत्र संपवता आलं असतं.

चंदा, मागच्या एप्रिलमध्ये घाटावर मुडदे उचलायला माणसं मिळत नव्हती, तेव्हा आम्ही सहा जण पुढं झालो. गाडी आणि लाकडं सरकारी खर्चानं, हात आमचे. ललिताबाई सिस्टरनं आम्हाला अर्धा तास शिकवलं. किट कसं घालायचं, काढताना कुठं हात लावायचा नाही, औषधाचं पाणी किती टाकायचं. जाताना त्या मुडद्यांविषयीच्या सरकारी परिपत्रकाची पूर्ण प्रत देऊ लागल्या. मी म्हटलं, "मोबाईलवर आलं आहे. मी वाचलं." आलं होतं खरं. पहिल्या दोन पानांचा फोटो. पुढची पानं मी मागितली नाहीत. एक स्क्रू कमी असला तर मोटार न खोलता गिऱ्हाइकाला परत पाठवणारा मी.

त्या दोन पानांवरून आणि एका व्हिडिओवरून मी अकरा नियम तयार केले. पत्र्याच्या बोर्डावर स्वतःच्या हातानं रंगवले. माझं अक्षर तुला माहीतच आहे. तलाठीसुद्धा म्हणाला, वा, शिस्त याला म्हणतात. सातवा नियम असा होता : पिशवी उघडली जाणार नाही, चेहरा दाखवला जाणार नाही, पाणी दिले जाणार नाही.

२० एप्रिलला इश्वररावांना घाटावर आणलं आणि तू बपेऱ्याहून टेम्पोनं आलीस. हातात गडवा, घरच्या विहिरीचं पाणी. आपल्यात शेवटचं पाणी घरच्याच विहिरीचं लागतं. तू दोरीच्या बाहेर उभी राहिलीस.

"दादा, तोंडावरचं जरासं उघड. मले दुरूनच पाहू दे."

"नियम सर्वांना सारखा आहे, चंदा. बोर्ड वाच."

"बोर्ड कोनं लिहिला?"

"मी."

"मंग एक ओळ पुसून टाक ना."

मी पुसली नाही. मी पुढं आलो, गडवा तुझ्या हातून घेतला, पाणी रेतीत ओतलं, गडवा औषधाच्या बादलीत बुडवून काढला आणि तुला परत दिला. वर म्हटलं, "आता काही भीती नाही, घरी ने." तुझ्या डोळ्यांपुढं हे मी केलं. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस.

सोळा दिवसांनी तुझी उर्वशीवहिनी गेली. तू आली नाहीस, बरोबर केलंस.

तिला घाटावर आणलं तेव्हा आमच्या सहा जणांतला अमर माझ्याकडं न पाहता म्हणाला, "दादा, आमी लाकडं मोजून येतो."

मी म्हटलं, "मोजलेली आहेत."

"पुन्हा मोजतो. पाचही जणं मोजतो." आणि पाचही जण ढिगामागं गेले.

मी पिशवीची चेन वीतभर उघडली. नाकाच्या दोन्ही बाजूंना मास्कचा वळ होता. कुंकू कोणी लावलं नव्हतं, माझ्याजवळही नव्हतं. बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन तोंडात घातलं, ते गालावरून खाली गेलं. मग चेन लावली. फॉर्मवर प्रश्न होता, 'पिशवी उघडली काय?' मी 'नाही' लिहिलं. आजवर माझ्या हातानं खोटं लिहिलेलं तेवढंच.

आठ महिने मी हेच धरून होतो की, राजकुमार, तू आपल्या बायकोसाठी नियम मोडला आणि बहिणीसाठी मोडला नाही. तेवढंच असतं तर कबूल करणं सोपं होतं.

तुझ्या अपिलाला लागेल असं वाटून मी जानेवारीत ललिताबाईंकडून ते परिपत्रक मागून आणलं. या वेळी पूर्ण. इंग्रजी आहे. डिक्शनरी घेऊन दोन संध्याकाळी वाचलं. त्यात लिहिलं आहे की किट घातलेल्या माणसानं तोंडाकडची चेन उघडून घरच्यांना शेवटचं दर्शन द्यायला हरकत नाही. अंगाला हात न लावता पाणी शिंपडायलाही हरकत नाही. वाटलं, नंतर बदललं असेल. तारीख पाहिली. मार्च २०२०. तू गडवा घेऊन आलीस त्याच्या तेरा महिने आधीची.

म्हणजे उर्वशीच्या वेळी मी नियम मोडलाच नव्हता. (शिंपडायची परवानगी आहे, तोंडात घालायची नाही. तेवढाच मोडला.) तुझ्या वेळी मोडला. सातवा नियम सरकारचा नव्हता. तो माझा होता. ललिताबाई कागद घेऊन समोर उभ्या होत्या आणि मला 'मी वाचलं' म्हणायचं होतं.

तो बोर्ड वाचून एकूण एकेचाळीस घरं मागं फिरली. नावं माझ्याजवळ आहेत. त्यांच्याकडं जायचं आहे. काय म्हणायचं ते अजून ठरलं नाही. पण तुझ्याआधी दुसऱ्या कोणाला सांगणं मला पटलं नाही.

अपिलासोबत परिपत्रकाचं एक पान जास्तीचं आहे. समितीला त्याची गरज नाही. ते तुझं आहे. चार ओळींखाली लाल रेघ मारली आहे आणि मराठी अर्थ मागं लिहिला आहे. उद्या कोणी तुला म्हणालं की तेव्हा कायदाच तसा होता, तर हे दाखव. माझं नाव सांगितलंस तरी चालेल.

इश्वररावांचा चेहरा कसा होता, हे तू विचारशील. मला सांगता येत नाही. माझ्याच नियमानं मीही पाहिला नाही. पिशवीवरून पायांना हात लावून नमस्कार केला होता. डावा पाय थोडा बाहेरच्या बाजूला वळलेला होता, चालताना वळायचा तसा. एवढंच माझ्याजवळ आहे, ते तुला लिहिलं.

मदत मिळेल. कागदांत कुठं खोट नाही, तीनदा तपासले. शेवटच्या पानावर 'अर्ज भरून देणाऱ्याचे नाव' इथं माझं नाव आहे. त्यापुढं 'अर्जदाराशी नाते' असा रकाना आहे. तेवढा मी कोरा सोडला आहे. तो भरायचा की तसाच पाठवायचा, हे तू ठरव. कोरा राहिला म्हणून अर्ज परत येणार नाही. मी विचारून घेतलं आहे.

राजकुमार