जांभळं नख

१४ जानेवारी

फसवलं! आरोग्य केंद्रातल्या रेमियाला चक्क फसवलं, आणि तिला पत्ताही नाही. हसू आवरेना म्हणून तांदूळ धुवायच्या निमित्ताने आत पळाले.

खांद्याला बर्फाची पेटी लावून बाई सकाळपासून घरोघर गोवराची सुई टोचत फिरते आहे. टोचलं की पोराच्या डाव्या करंगळीचं नख जांभळं करायचं आणि दारावर खडूने खूण. ज्या दारावर खूण नाही तिथे ती परत येते, आणि तरी नाही ऐकलं तर गावचा प्रमुख, आमच्या कॅप्टनला घेऊन येते. कॅप्टन बोलायला लागला की भात करपतो पण त्याचं संपत नाही.

मग मी काय केलं — काल सकाळीच नातीला, जुनायला, मांडीवर घेतलं आणि जखमेवर लावायच्या जांभळ्या औषधाचा एक थेंब तिच्या नखावर! फुंकर मारून वाळवला. पोरगी एवढी खूष, की उरलेली नऊ बोटंही पुढे केली. दोन वर्षांची आहे, पण नट्टापट्टा आत्तापासून. आजीवर गेली आहे.

रेमियाने विचारलं, कुठे टोचलं? मी म्हटलं, पलीकडे शहरात, तिच्या आत्याकडे गेलो होतो तेव्हा. तिने नख बघितलं, यादीत लिहिलं, दारावर खूण केली. वर म्हणाली, "सगळ्या आज्या तुमच्यासारख्या असत्या तर माझे पाय वाचले असते हो, लोला."

पाय खरंच सुजलेत तिचे. तेवढं जरा वाईट वाटलं.

१५ जानेवारी

आनालिनचा फोन आला. माझी लेक हाँगकाँगला दुसऱ्यांची पोरं सांभाळते, आणि तिची मी. महिनाभर मागे लागली होती, सुई दे, सुई दे. जुनायने स्वतःच फोनसमोर करंगळी नाचवली. आनालिन रडायलाच लागली. "आई, तू नेलंस तिला! मला वाटलं होतं तू घाबरशील." मी म्हटलं, मी कशाला घाबरते.

घाबरतेच. टीव्हीवर त्या डेंग्यूच्या लशीवरून केवढा गदारोळ झाला होता. आया पोरांचे फोटो छातीशी धरून रडत होत्या, त्या सुईनेच पोरं गेली म्हणत. रेमिया शंभरदा सांगते, लोला, ती वेगळी, ही वेगळी. असेल. मला सुई दिसते, आणि तिच्यापुढे माझी पोर दिसते. घरातलं लेकरू, घरातल्यांनी ठरवायचं. आणि गोवराचं काय एवढं? मला झाला, माझ्या पाचही पोरांना झाला. धन्याचं पाणी पाजलं, वारा लागू दिला नाही, उठली सगळी. (एर्निंग उठला नाही. पण तो जन्मापासूनच अशक्त होता.)

ही वहीसुद्धा आनालिननेच पाठवली आहे, वर मांजराचं चित्र आहे. जुनाय काय काय करते ते लिहून ठेव म्हणाली. मी तिसरीत शाळा सोडली, माझं अक्षर म्हणजे चिखलातून खेकडा गेलेला. लिहायला मजा येते, पण हे काही तिला दाखवायचं नाही.

जुनायचं नाव खरं म्हणजे जुनालिन. बाप जूनर, आई आनालिन, दोघांचं अर्धं अर्धं. आजीचं काही घातलं नाही.

१७ जानेवारी

शेजारची कोंचिंग आली. मार्लोच्या नखालाही लाव म्हणाली. मार्लो तिचा नातू, तीन वर्षांचा, गुबगुबीत, आमच्या जुनायचा जोडीदार. तिने मागितलं, मी दिलं. मग दोघं दारात बसून एकमेकांच्या करंगळ्या बघत होती, जसं काही लग्न लागलं आहे!

आइस्क्रीमवाल्याची घंटा वाजली तशी उठून पळाली. मार्लोला ती घंटा वळणापलीकडून ऐकू येते, मला गाडी दारात आली तरी येत नाही.

२१ जानेवारी

अंघोळीने पुसतं. परत रंगवलं.

२८ जानेवारी

बोटीने पलीकडे जाऊन दिनाग्यांगची जत्रा बघून आलो! मी, कोंचिंग, दोन्ही पोरं. ढोल असे की पोटात आतडी नाचत होती. काळं फासलेली, पिसं खोवलेली पोरं रस्ताभर नाचत होती, आणि आमची जुनाय माझ्या खांद्यावर बसून माझ्याच डोक्याचा ढोल करत होती. गर्दी इतकी की चप्पल गेली. एका बाईच्या कडेवरचं तापाने फणफणलेलं पोर सारखं शिंकत होतं. कोंचिंग म्हणाली, अशा पोराला कशाला आणायचं गर्दीत. आम्ही दोघी बराच वेळ त्या बाईला नावं ठेवत होतो.

७ फेब्रुवारी

जुनायला ताप. डोळे लाल. आल्याची पेज केली, दोन घास खाल्ले आणि माझ्या अंगावर ओकली. तरी हसली.

११ फेब्रुवारी

कानामागून पुरळ उठलं आणि तोंडावर आलं. मला कळलं. पाच पोरांना झालेला आहे, मला न कळायला काय झालं?

मार्लोलाही तेच.

रेमिया आली. कोणी तिला सांगितलं कोण जाणे, उन्हात चालत आली. जुनायचं तोंड बघितलं, छाती ऐकली. "गोवरच म्हटला असता लोला, पण हिला तर सुई झाली आहे." आणि तिची करंगळी हातात धरून हसली. मी परवाच परत रंगवली होती. चकचकत होती.

बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. निघालं काय, तर — पेज घेतेस का?

रेमिया म्हणाली, उष्णतेचं असेल, नाहीतर कसली तरी ॲलर्जी. तापाचं औषध दिलं. मग कोंचिंगकडे गेली. तिथेही नख जांभळं.

१४ फेब्रुवारी

जुनायचा ताप उतरला. केळं मागितलं. अर्धं स्वतः खाल्लं, अर्धं मांजराला. देवा, तुझे उपकार.

पण मार्लोला श्वास घेता येईना. बरगड्या आत ओढल्या जात होत्या. कोंचिंग आणि तिची लेक त्याला पहिल्या बोटीने शहरातल्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या. बोट सुटताना कोंचिंगने माझ्याकडे बघितलं. मी हात हलवला. हात कशाला हलवायचा होता?

१८ फेब्रुवारी

शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, गोवर, आणि आता न्यूमोनिया. तीन दिवस पोर नळीवर आहे.

इथे गावात दुसरंच. पाण्याच्या नळावर सगळ्याजणी सांगत होत्या, बघा, सुई घेतलेल्या दोन पोरांना गोवर झाला, मग कशाला टोचायची? कोणी म्हणालं रेमियाच्या पेटीतला बर्फ वितळला होता, खराब औषध टोचत फिरली. कोणी म्हणालं नुसतं पाणीच होतं. रेमिया बिचारी सांगत राहिली की या दोघांना मी टोचलंच नाही, शहरात टोचलंय — मार्लोबद्दलही कोंचिंगने तिला तेच सांगितलं होतं. तर म्हणे, शहरातलंही तसलंच.

काल ती फिरली तेव्हा कोणी दार उघडलं नाही. दोन दारांवरच्या खडूच्या खुणा पुसलेल्या होत्या.

मी नळावर उभी होते. कळशी भरली. घरी आले.

२० फेब्रुवारी

जुनाय नवीन शब्द शिकली — "परत". सगळं परत. गाणं परत, केळं परत, मुका परत. आज करंगळी पुढे करून म्हणाली, परत.

बाटली संडासात ओतली.

२६ फेब्रुवारी

मार्लो घरी आला! मी पळत गेले. वाळून काडी झाला आहे, पण डोळे तेच. मी त्याला जुनायच्या वाटणीचं बिस्किट दिलं, जुनायने तेही चालवून घेतलं.

कोंचिंग बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. हळू आवाजात बोलली. मी जसंच्या तसं लिहिते.

"लेकीला माहीत नाही. ती समजते मी त्याला नेलं होतं. तू कुठे बोललीस, पासिंग, तर ती पोराला घेऊन जाईल आणि मला परत तोंड दाखवणार नाही."

मी म्हटलं, नाही बोलणार. चाळीस वर्षांचा शेजार आमचा.

२ मार्च

आज आइस्क्रीमवाला आला. जुनाय उठून पळाली. मार्लो पायरीवर बसून कागद फाडत होता. घंटा वाजली. परत वाजली. गाडी त्याच्या पाठीमागून गेली. तो कागद फाडत राहिला.

कोंचिंग म्हणाली, दोन्ही कान वाहत होते. डॉक्टर म्हणतात, थोडं येईल किंवा येणारही नाही.

आइस्क्रीमवाल्याला काही माहीत नव्हतं. आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाने हाक दिली नाही म्हणून त्याने आणखी जोरात वाजवली.

५ मार्च

या वहीत मी दोन ठिकाणी खोटं लिहिलं आहे. कोणी वाचणार नव्हतं तरी लिहिलं. म्हणजे कोणाला फसवत होते मी?

एक. कोंचिंगने मागितलं नव्हतं. ती मार्लोला कडेवर घेऊन केंद्राकडे निघाली होती. लेकीने बजावलं होतं तिला. तिच्या हातात छत्रीसुद्धा होती. मीच कुंपणावरून हाक मारली, अगं वेडी का तू, इकडे ये, माझ्याकडे बाटली आहे. ती म्हणाली, लेकीला काय सांगू? मी म्हटलं, नख दाखव. तरी ती येईना. मी तिची चेष्टा केली. मग ती आली.

दोन. एर्निंग अशक्त नव्हता. पाचांत तोच दांडगा होता. चार वर्षांचा असताना नारळ उचलायचा. त्याला गोवरच झाला, आणि सातव्या दिवशी गेला. अशक्त होता असं मी लोकांना सांगत आले, कारण लोक विचारायचे, तू त्याला डॉक्टरकडे का नाही नेलंस? पुढे मलाही खरं वाटायला लागलं.

मला सुईची भीती होती. गोवराची कशी वाटली नाही?

९ मार्च

रेमिया आली होती. पेटी नव्हती खांद्याला. कॅप्टनने तिला तूर्त घरी बसायला सांगितलं आहे, लोक ऐकत नाहीत म्हणून. उद्या संध्याकाळी बास्केटबॉलच्या मैदानात सभा आहे, तिथे तिने सगळ्यांना उत्तर द्यायचं.

मी साखरेत तळलेली केळी पुढे केली. तिने एक घेतलं, खाल्लं नाही. जुनाय तिच्या मांडीवर चढून बसली, तिच्या घड्याळाशी खेळत. रेमिया तिच्या डोक्यावरून बघत बोलत होती, माझ्याशी असं नाही, स्वतःशीच.

"माझ्या पेटीत बर्फ होता, लोला. मी दर घरी हात घालून बघायचे. पण आता मलाच वाटायला लागलंय, की एखाद्या घरी बघायचं राहिलं असेल. किती पोरांना मी तसलं टोचलं असेन? मला झोप लागत नाही."

तिला उत्तर ठाऊक नाही. आणि ते माझ्या घरात, तांदळाच्या डब्यामागे, मांजराच्या वहीत.

मी म्हटलं, केळं खा गं पोरी, गार होतंय.

ती गेली. मग मी कोंचिंगकडे गेले. सांगितलं, मी उद्या बोलणार. तुला मी बोलावलं, तू निघाली होतीस, हेही सांगणार. ती मासे उन्हात घालत होती, तेच करत राहिली. मी वळल्यावर पाठीमागून म्हणाली, "छत्रीचं पण सांग."

१० मार्च

हे कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिते आहे. वही रेमियाकडे आहे.

मैदानात तिच्या हातात देऊन म्हटलं, वाच. तिला माझं अक्षर लागेना. मग मीच उभी राहिले आणि वाचलं. कॅप्टन होता, नळावरच्या सगळ्याजणी होत्या, कोंचिंगची लेक पुढच्या बाकावर, मांडीवर मार्लो. आनालिन फोनवर ऐकत होती. जुनाय मध्येच "परत" म्हणाली. कोणी हसलं नाही.

सगळं वाचलं. पहिल्या "फसवलं!"पासून.