सावडीला आलेल्या बाई

बाई, तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा मी खाचरात पोटरीभर चिखलात होते, आणि तुम्हाला पाहून मला आनंद नाही, लाज वाटली. ज्युनिअर बी.ए.ला समाजशास्त्र घेतलेली मी, उन्हाळ्यात पुण्याहून घरी आले ती अडकलेच. आईचा हात मोडला होता आणि आप्पांनी सांगून टाकलं होतं, "भाताच्या आवणीला मानूस न्हाई. बास झाली साळा." ताम्हिणीच्या अलीकडच्या आमच्या वाडीत बापापुढे बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

तुमच्या मागे माझ्या वर्गातल्या मुली, वाऱ्यानं छत्र्या उलट्या झालेल्या. आप्पा ओट्यावर सरसावून बसले. आता बाई शिक्षणाचं महत्त्व सांगणार, हे त्यांनी ताडलं होतं. तुम्ही तो विषयच काढत नाही. चहा घेता, पदर खोचता आणि म्हणता, "आम्ही सावडीला आलोय." मी बघतच राहिले. श्रमाची देवाणघेवाण शिकवताना तुम्ही वर्गात उदाहरण मागितलं होतं, तेव्हा मीच सांगितलं होतं, की आमच्याकडे सावड असते, म्हणजे आज आपण दुसऱ्याच्या खाचरात राबायचं आणि उद्या त्यानं आपल्या. मुली माझ्या बोलीला हसल्या होत्या. तुम्ही मात्र ऐकलेलं मनात ठेवलंत. पुढे मी पुष्कळ विद्वान पाहिले बाई, पण शिकवलेलं असं चिखलात उतरवणारं माणूस दुसरं भेटलं नाही. डोक्यावर इरलं घेऊन तुम्ही दिवसभर वाकून होतात, आणि मुलींना दमही देत होतात.

संध्याकाळी नाचणीची भाकरी खाताना आप्पांनी तुमच्या ताटात आणखी एक वाढली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, सावड फेडाया लागती. तुमच्या पोरी आमच्या चिखलात उतरल्या, आमची पोर तुमच्याकडं धाडतो."

"कधीपर्यंत?" तुम्ही विचारलंत.

"तुमचं काम सरंस्तवर."

मी चुलीपाशी जाऊन रडले. बी.ए. झाले, एम.ए. झाले, तुमच्यासारखीच मास्तरीण झाले. तुम्ही जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली.

एक गोष्ट तुम्हाला कधी कळली नाही. तुम्ही एस.टी.नं गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पांनी आणि मी ते सगळं खाचर उपटून पुन्हा लावलं. तुमचं एकही रोप धड रुतलं नव्हतं. "बाईस्नी सांगू नगंस," आप्पा म्हणाले, "त्यांनी सावड क्येली, आपून घेतली." तुम्ही असतात तरी हे पत्र मी टाकलं नसतं.