येळवशीची बिघडलेली आंबील

माय,

यंदा येळवशीला तुझी आंबील बिघडली. तू गेल्यापासून त्या अमावस्येला सगळं गाव रानात जेवायला निघालं की आपल्या जळकोटच्या रानातली आंबील मीच करते. आदल्या संध्याकाळी ताकात ज्वारीचं पीठ शिजवायचं, लसूण-जिरं घालायचं आणि मडक्याला फडकं बांधून कडब्याच्या कोपीबाहेर उघड्यावर ठेवायचं. आत का नाही, असं मी लहानपणी विचारलं की तू म्हणायचीस, "रात करती बग आंबील. आपुन नुस्तं कालवून ठिवायचं." सकाळी मडक्याला हात लावला की बोटं आखडायची. शेजारच्या रानातली माणसं खास तुझ्या आंबिलीसाठी वाट वाकडी करून यायची.

यंदा फडकं सोडलं तर वर फेस. सून देगलूरची, तिची ही पहिलीच येळवस, तुझी रीत शिकायला माझ्या मागं-मागं. पहिली वाटी कोपीत मांडलेल्या पाच पांडवांच्या दगडांपुढं ठेवायची. ती वास घेते, माझ्याकडं बघते. "आत्या, लई आंबलीय की ही. पांडवांपुढं कशी ठिवायची?" माझा पारा चढला. पीठ तेच, ताक तेच, हातही तुझ्याच लेकीचा. मग आठवलं, रात्री मी पांघरूण पायानं सरकवून झोपले होते. मार्गशीर्षात!

माय, नांदेडच्या शाळेत मी हेच शिकवते. माणसानं कधी न पाहिलेली जंगलं जमिनीखाली कोळसा होऊन पडली होती, ती आपण उकरून जाळली, तेल जाळलं, उभी झाडं तोडली. त्याचा वायू वर साठतो आणि जमिनीची ऊब रात्रीही सुटू देत नाही. तू गेलीस त्या वर्षी जळलेल्या कोळशाचा वायूसुद्धा बराचसा अजून वरच आहे. पुढं उन्हाळे लांबतील, पाऊस एका दिवसात कोसळेल नि मग तोंड दाखवणार नाही, समुद्र चढेल. हे फळ्यावर लिहून मी खडूचे हात झटकायची. एका रात्रीवरून काही सिद्ध होत नाही, कळतं मला. पण इथला गारवा वर्षागणिक कमी होताना मी पाहिलाय. एवढं अफाट आभाळ आणि ते तुझ्या मडक्यात उतरलं! भीती वाटलीच, पण त्याहून जास्त मी थक्क झाले.

पांडवांपुढं ताजं ताक ठेवलं. सुनेला म्हटलं, "फुडच्या टायमाला पहाटं कालवायची. माजी माय असंच करायची." तिनं मान डोलावली.

हे पत्र कुठं धाडणार मी? इथंच कोपीत ठेवते. पहाटं कालवायची रीत तुझी नव्हती, मीच तेव्हा बदलली, हे तिला सांगायला जीभ रेटली नाही. सांगितलं असतं तर तू अजून थोडी गेली असतीस.