घटाची माती

मीरा रोड,
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. शिवदासदादास,

धाकट्या सुलूचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आणि वहिनीचा खोकला, दोघांनीही सुट्टी घेतली असेल अशी आशा करते. आम्ही ठीक. तारोडीची वाडी विकायचं म्हणतोस, त्याला माझी ना नाही, हे फोनवर सांगितलंच. (पत्र एवढ्यासाठी की फोनवर तू मला बोलू देत नाहीस.) मला जमिनीचं काय करायचंय? माझी गॅलरी आहे. पाऊस सरला की सकाळी चहा घेऊन तिथे बसावं, झेंडू-शेवंतीच्या कळ्या बघाव्यात, यापरतं सुख नाही. (आत्ताच उठून बघून आले. कळ्या कालच्याएवढ्याच आहेत.)

बसायला मिळत नाही, एवढंच. गेल्या नवरात्रात समोरच्या अंबिकावहिनींनी घटासाठी माझ्या कुंडीतली वाटीभर माती नेली आणि त्यांचं धान असं तरारलं की बघायला सगळी बिल्डिंग लोटली. झालं. यंदा घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दारात रांग. कुणाच्या हातात वाटी, कुणाच्या हातात चक्क कुकरचा डबा. वरच्या चांदणीबेन म्हणाल्या, "दीदी, आपकी मिट्टी में बरकत है." मी फुगले. शिवाय देवीच्या कामाला नाही कसं म्हणायचं? देत सुटले. झेंडूची मुळं उघडी पडली तेव्हा कुंड्यांत चहाचा चोथा भरला. (त्याला मुंग्या लागल्यात. आत्ता पुन्हा उठून हळद टाकून आले.) घरोघरी घट हिरवेगार, आणि दसऱ्याला माझ्या दाराला तोरण स्टेशनवरून विकत आणलेल्या फुलांचं. माती परत मागायची सोय नाही, ती घटांबरोबर विसर्जनाला गेली.

मग पिशवी घेऊन खाली उतरले. कंपाउंडभर पेव्हर ब्लॉक. सोसायटीच्या बागेत उकरायला बसले तर बोटभर खाली सिमेंट लागलं. वॉचमन धावत आला, "मॅडम, मत खोदो, नीचे पार्किंग है." दादा, तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. वाटून टाकली ती माती आपल्या वाडीतलीच होती, आबांनी गोणीत भरून दिलेली. रिकामी पिशवी घेऊन वर आले आणि घरात येरझारा घालत राहिले.

बाकी क्षेम. वाडीबद्दल माझं म्हणणं वर आलंच आहे. वहिनीस नमस्कार.

तुझी,
सुलू

ता. क. भाऊबीजेला साडी नको. वाडीतली गोणीभर माती आण.

पुन्हा ता. क. दोन गोण्या आण. पोरं आत्ताच दिवाळीच्या किल्ल्यासाठी माती मागून गेली आणि मी हो म्हणून बसले.

आणखी एक. ना नाही, असं वर लिहिलंय ते खोटं आहे. वाडी विकू नकोस, दादा, मला ती हवी आहे. सहीला मी येणार नाही. भात निघालं की कळव, वाल पेरायला येते.